22 डॉलरचा नाश्ता नको म्हणून

सिंगापूरचं हॉटेल बुक करताना "नाश्त्यासह" वाला एक चौकोन टिक करायचा राहिला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. चेक-इन करताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, नाश्ता हवा असेल तर माणशी 22 डॉलर. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला, तिथला डॉलर 65 रुपये धरला तर माणशी 1430, तिघांचे 4290, आणि तेही रोजचे. "एवढ्यात कणकवलीत एक बारसं निघतं" म्हणाले. आता बारसं नाही निघत एवढ्यात, पण मुद्दा पोचला. मी म्हटलं ठीक आहे, मंडईत जाऊन खाऊ. आईला वाटलं मी चिडून बोलतेय.

मी चिडून नव्हते बोलत. सिंगापूरमध्ये सकाळी स्वस्तात खायचं तर मंडईतच. एकाच इमारतीत भाजी, मासळी, मटणाचा बाजार आणि त्याला लागून नाहीतर वरच्या मजल्यावर खाण्याच्या छोट्या छोट्या टपऱ्यांची ओळ, मधे सगळ्यांना मिळून टेबलं, वर गरगरणारे पंखे. एसी बिसी काही नाही. त्याला हॉकर सेंटर म्हणतात. पूर्वी हे सगळे लोक रस्त्यावर गाड्या लावायचे, आपल्यासारखेच. मग 1968-69 मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि पुढची पंधराएक वर्षं नळ, गटार, लाईट असलेल्या इमारती बांधून एकेकाला आत नेलं. अशी शंभरावर सेंटरं आहेत आता, आणि 2020 मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. बाबा आयुष्यभर नगरपालिकेत होते, फेरीवाल्यांच्या भानगडी त्यांनी जवळून बघितल्यात, त्यामुळे त्यांना खाण्यापेक्षा या गोष्टीत जास्त इंटरेस्ट. "नुसतं उठवलं नाही, नळ दिला" हे त्यांनी पाच दिवसांत किमान आठ वेळा म्हटलं असेल.

गुरुवार

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. बाबा सवयीप्रमाणे पाचला उठले तर तिथे साडेसात वाजलेले, म्हणजे आयतीच नाश्त्याची वेळ. हॉटेल लिटिल इंडियात होतं म्हणून पहिल्या दिवशी जवळच्या टेक्का सेंटरला गेलो, सेरंगून रोडच्या तोंडाशीच आहे. नाव बांबूवरून आलंय म्हणे, इथे पूर्वी ओढ्याकाठी बांबूची बेटं होती आणि चिनी लोक "बांबूच्या पायथ्याशी" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे. आताची इमारत 1980 च्या दशकातली.

आधी बाजारातून चक्कर मारली कारण आईला भाजी बघितल्याशिवाय चैन नाही. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, ओले नारळ, सगळं होतं. एक चिनी आजी केळी विकत होती आणि समोरच्या गिऱ्हाइकाला भाव चक्क तमिळमध्ये सांगत होती. जमीन सारखी पाण्याने धुतात म्हणून याला वेट मार्केट म्हणतात, त्यामुळे चप्पल घालून गेलात तर जपून. मासळीच्या बाजूला बाबा जे थांबले ते थांबलेच. गुरुवार असल्यामुळे खायचं नव्हतं पण पापलेटचे डोळे बघायला गुरुवार आडवा येत नाही ना.

खाण्याच्या भागात आल्यावर पहिला गोंधळ जागेचा. एक टेबल रिकामं दिसलं, बसायला गेलो तर त्यावर टिश्यूचं छोटं पाकीट. कोणी विसरलं असेल म्हणून आईने ते उचलून बाजूला ठेवलं. दोन मिनिटांत एक बाई हातात ट्रे घेऊन आली आणि आमच्याकडे असं बघितलं की आम्ही तिघेही एकदम उठलो. तर हे पाकीट म्हणजे रुमाल टाकून एसटीतली सीट धरणं. त्याला तिथे "चोप" म्हणतात. आपल्याकडे चोप देतात, तिथे चोप करतात. बाबांना हे इतकं आवडलं की नंतर रोज ते पुढे जाऊन चोप करायचे, टिश्यू नसेल तर टोपी.

आई अंडंसुद्धा खात नाही, त्यामुळे माझी जरा परीक्षाच होती. रोटी प्रता म्हणजे आपला पराठाच, फक्त मैद्याचा, आणि तो माणूस पीठ हवेत फिरवून फिरवून असं पातळ करतो की आरपार दिसावं, मग घडी घालून तव्यावर. साधा हवा असेल तर "प्रता कोसोंग" म्हणायचं. कोसोंग हा मलय शब्द, म्हणजे रिकामं, शून्य. पण त्याच तव्यावर शेजारी अंड्याचा प्रता चालू होता आणि सोबत वाटीत मटणाचा नाहीतर मासळीचा रस्सा, आईने एक नजर टाकली आणि पुढे निघाली. तिला डोसा मिळाला, तिथे थोसाई म्हणतात, चटणी ठीकठाक.

बाबांना मात्र लॉटरी लागली. एका टपरीवर तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि नारिंगी रंगाची साखर. पुटू मायम. बाबा जोरात म्हणाले, "अगो, शिरवाळे हे!" आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले. आमच्या मालवणी घरात शिरवाळे म्हणजे सोऱ्यावर ताकद लावून पाडायच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. इथे रस नाही, साखर कोरडी. बाबांनी खाल्लं सगळं पण "रस नाय तर मजा नाय" असा निकाल दिला.

आणि मग चहा. बाबांना कडक, बेताच्या साखरेचा चहा लागतो. मी "तेह" मागवला तर आला तो कंडेन्स्ड मिल्क घातलेला, एवढा गोड की चमचा उभा राहील. बाबांनी दोन घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला. तिघांचं बिल एकूण साडेअकरा डॉलर.

उठताना ट्रे टेबलावर सोडून निघालो, तर सफाईवाल्या एका म्हाताऱ्या काकांनी काही न बोलता बोटाने रॅक दाखवला. 2021 च्या सप्टेंबरपासून ट्रे आपणच नेऊन ठेवायचा नियम आहे, पहिल्यांदा समज देतात आणि दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. "19,500!" बाबा म्हणाले आणि परत जाऊन ट्रे उचलला. रॅकही दोन, हलाल ताटांचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. आई म्हणाली हे मात्र बरंय, प्रत्येकाचं सोवळं सांभाळलंय.

शुक्रवार

आज एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तिओंग बारू. हा भाग बघायला सुंदर आहे, 1930 च्या दशकात बांधलेल्या बुटक्या पांढऱ्या चाळी, गोलाकार कोपरे, मागे लोखंडी गोल जिने. चाळी म्हटलेलं तिथल्या लोकांना आवडणार नाही, आता तिथे घरं घेणं परवडत नाही कुणाला. मंडई मधोमध आहे, खाली भाजी आणि फुलं, वर खाणं, आणि मधला चौक उघडा त्यामुळे वारा छान येतो.

इथला प्रसिद्ध प्रकार च्वी क्वे. छोट्या वाट्यांमध्ये तांदळाचं पीठ वाफवतात, वाटीच्या मधे खळगा पडतो, त्यात परतलेल्या खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे आणि बाजूला लाल तिखट. शब्दाचा अर्थ पाण्याचा केक. रांग मोठी होती पण भराभर सरकते कारण बाई न बघता सुरीने वाटीतून एकेक गोळा काढून कागदावर टाकते, चार गोळे, मुळा, तिखट, पुढचा. मी आईसाठी विचारलं तर तिने मान हलवली, "नॉट व्हेजिटेरियन". मुळा कधी चरबीत परततात, कधी त्यात सुकट असते. बरं झालं विचारलं. बाबा आणि मी खाल्लं. बाबांनी डोळे मिटून घास चावला आणि म्हणाले, "ही मोदकाची उकड. सारण करायचं राहून गेलं म्हणून वर मुळा टाकलाय." आणि खरंच तशीच लागते! लुसलुशीत, किंचित चिकट, स्वतःची अशी चव नाही, सगळी मजा वरच्या खारट मुळ्याची. मला जाम आवडलं, मी अजून चार घेतले.

आईला काय द्यायचं? कॉफीच्या टपरीवर कोळशासारखा काळपट भाजलेला टोस्ट दिसला, मधे लोण्याचा जाड तुकडा आणि हिरवट तपकिरी जॅम. काया टोस्ट. मी फोनवर घाईत बघितलं, नारळाचं दूध, साखर, पांदानची पानं. नारळाचा जॅम म्हटल्यावर आई खूश. एक खाल्ला, मग माझ्यातला अर्धा खाल्ला. "आपल्या नारळाच्या वडीचं पातळ रूप आहे हे, वास मात्र बासमतीसारखा येतो." तो वास पांदानचा, आपल्याकडे वासासाठी भातात पान टाकतात ना, तीच जात. शेजारच्या टेबलावर लोक तोच टोस्ट अर्धकच्च्या उकडलेल्या अंड्यात बुडवून खात होते, वर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. आईने खुर्ची फिरवून घेतली.

रात्री हॉटेलवर निवांत वाचलं तर कायामध्ये अंडी असतात. थोडीथोडकी नाही, अंड्यावरच घट्ट होतो तो. मी बाबांना बाथरूमजवळ गाठून सांगितलं. बाबा दोन सेकंद गप्प, मग हळूच म्हणाले, "परत तिकडे न्हेव नको. आणि गप रव."

दरम्यान चहाचं शास्त्र थोडं समजलं. कॉफीवाल्या काकांनी गर्दी कमी झाल्यावर शिकवलं, म्हणजे मी सारखी चुकीचं मागत होते म्हणून शेवटी त्यांनीच दया केली. नुसतं "कोपी" म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कवाली. "ओ" म्हणजे काळी पण साखर असलेली. "सी" म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वरून साखर. "कोसोंग" म्हणजे साखर नाही. "सिउ दाय" म्हणजे साखर कमी. "पेंग" म्हणजे बर्फ, आता कॉफी पिऊन पेंग येणार असेल तर प्यायची कशाला असा प्रश्न आईने विचारला आणि तो काकांना समजावणं मला जमलं नाही. आणि कडक हवी तर "गाव". कॉफी हवी तर आधी कोपी आणि चहा हवा तर तेह एवढंच बदलतं, शेपट्या त्याच. बाबांनी हे सगळं बोर्डिंग पासच्या मागे देवनागरीत लिहून घेतलं. बिया साखर आणि मार्जरीन घालून भाजतात म्हणून ती कॉफी इतकी काळीकुट्ट, आणि गाळतात कापडाच्या लांब मोज्यातून. हा धंदा बराचसा हायनानहून आलेल्या लोकांनी उभा केला, ते उशिरा आले तोवर बाकीचे धंदे आधी आलेल्यांनी धरलेले, मग ब्रिटिशांच्या घरात आचारी म्हणून राहिले आणि तिथला टोस्ट नि कॉफी बाहेर घेऊन आले.

एक मुलगा चहा पार्सल घेऊन चालला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोरी बांधलेली. बाबांनी फोटो काढला. आमच्या नगरपालिकेत दुपारचा चहा असाच यायचा.

शनिवार

हा दिवस आईचा. तिच्या कालनिर्णयनुसार पौर्णिमा होती, आणि योगायोगाने आम्ही चायनाटाउन कॉम्प्लेक्सला गेलो. सगळ्यात मोठं सेंटर, वरच्या मजल्यावर दोनशेच्या वर टपऱ्या, आत शिरलं की दिशा हरवते. तळघरात बाजार, तिथे जिवंत बेडूक जाळीत ठेवलेले होते, आईला वरच्या वर पळवलं.

फिरत असताना आई एकदम थांबली. "स्वस्तिक आहे बघ तिथे." खरंच एका टपरीच्या पाटीवर स्वस्तिक, आणि समोर ही मोठी रांग. ते बौद्ध शाकाहारी दुकान होतं. चिनी बौद्ध लोकांत बरेच जण तिकडच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात, म्हणजे ढोबळमानाने आपली अमावस्येनंतरची प्रतिपदा आणि पौर्णिमा. म्हणून आज रांग. शिवाय यात कांदा लसूणही चालत नाही. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी सिंगापूर फ्लायर नावाच्या त्या प्रचंड पाळण्यातून खाली बघतानाही आलेलं पाहिलं नाही. "म्हणजे यांचाही चातुर्मासच की!" तिने रांगेतल्या पुढच्या आजीला हात जोडले. आजीनेही जोडले. कुणाला काय वाटलं कुणास ठाऊक, पण आजीने आईला स्वतःच्या पुढे घेतलं.

परतलेल्या तांदळाच्या बारीक शेवया, बी हून, आणि वर काय हवं ते बोटाने दाखवायचं, कोबी, सोयाची कुरकुरीत साय, आणि मग ते लालसर तुकडे. ते हुबेहूब मांसासारखे दिसत होते, कडेला चरबीची रेघसुद्धा. मी सांगितलं की गव्हाच्या आणि सोयाच्या प्रथिनाचं करतात, खोटं आहे. आई म्हणाली, "खोटंच करायचं होतं तर पनीरसारखं करायचं, मटणासारखं कशाला?" तिने ते तुकडे बाबांच्या ताटात टाकले. बाबांनी खाल्ले आणि म्हणाले खोटं आहे. दोघांचंही बरोबर. बाकी शेवया तिने शेवटच्या काडीपर्यंत संपवल्या, अडीच तीन डॉलरची प्लेट, आणि दुसरी पार्सल घेतली. पार्सलला तिथे "दबाव" म्हणतात, म्हणजे माझ्या कानाला तसंच ऐकू येतं.

बाबांनी बोर्डिंग पास बघून ऑर्डर दिली, "तेह गाव सिउ दाय". कडक आला, पण कंडेन्स्ड मिल्क होतंच. "सी" म्हणायचं राहिलं.

रविवार

आज चुकलंच. लाउ पा सात बघायचं होतं मला, 1894 मधली अष्टकोनी मंडई, नक्षीदार ओतीव लोखंड ग्लासगोहून जहाजाने आणून उभी केलेली, मधे घड्याळाचा मनोरा. इमारत देखणी आहे, वर बघत फिरावं अशी. पण आजूबाजूला सगळ्या बँका आणि ऑफिसं, रविवारी सकाळी तिथे कोण येणार, बऱ्याच टपऱ्या बंद, आणि जे उघडं होतं ते बाकी मंडयांपेक्षा महाग. आता ही मंडई राहिलेलीच नाही, नुसतं खाणं. कालच्या पार्सलवर आईचं भागलं होतं, आम्ही टोस्ट खाल्ला, बिनकायाचा, मी मुद्दाम नुसतं लोणी सांगितलं. आई म्हणाली काया का नाही घेतला? मी म्हटलं संपला.

नाव मात्र मजेशीर. लाउ म्हणजे जुना, पा सात म्हणजे बाजार. पा सात आलं मलय भाषेतल्या पासारवरून आणि पासार आलं फारसी बाजारवरून. म्हणजे आपला जुना बाजार, तसलंच. दुपारी सेंतोसा बेट, त्याबद्दल काही लिहीत नाही, ऊन आणि रांगा.

सोमवार

रात्रीची फ्लाईट. शेवटचा नाश्ता परत टेक्कालाच करू म्हणून गेलो तर निम्म्या टपऱ्यांची शटरं खाली. सोमवारी बरेच हॉकर सुट्टी घेतात, हे आधी कळलं असतं तर शिरवाळेवाल्याकडे रविवारी गेलो असतो. तो बंदच. बाबा थोडे हिरमुसले. पण चहाची टपरी उघडी होती. बाबांनी कागद न काढता, काउंटरवर दोन्ही हात टेकून, एका दमात म्हटलं, "अंकल, वन तेह सी गाव सिउ दाय!" हे अंकल बाबांपेक्षा वयाने लहान होते, पण तिथे तसंच चालतं, सगळेच अंकल आणि आंटी. त्यांनी मान वर केली, बाबांच्या टोपीकडे बघितलं, "हॅविंग हिअर?" एवढंच. चहा आला. घरच्यासारखा नव्हता, पण कडक होता, गोडी बेताची. बाबांनी पूर्ण संपवला आणि दुसरा मागवला. 1 डॉलर 40 सेंटला एक.

विमानतळावर जाण्याआधी आईला नातेवाईकांसाठी काहीतरी घ्यायचं होतं म्हणून सुपरमार्केटमध्ये शिरलो. मी मसाल्यांकडे होते. बाबांनी मला कोपराने ढोसलं. आई जॅमच्या रॅकसमोर उभी, चष्मा नाकावर, हातात कायाची बाटली, मागचं लेबल वाचत होती. आईला इंग्रजी बोलायला जमत नाही पण वाचता सगळं येतं, हे आम्ही दोघेही विसरलो होतो.

तिने बाटली खाली ठेवली. आमच्याकडे बघितलं. मग परत उचलली.

"शुक्रवारीच खाल्ला ना मी हा?"

मी हो म्हटलं. बाबा पाव बघायला लागले.

"दीड खाल्ला," आई म्हणाली. थोडा वेळ विचार केला आणि बाटली बास्केटमध्ये टाकली, तिच्यामागून अजून एक. "एक तुझ्या आत्याला. तिला हे मागचं वाचायला सांगू नकोस. बॅगेत साडीत गुंडाळून ठेव, फुटली तर वास जाणार नाही."

काउंटरवर बाबांनी हिशोब केला, पण या वेळी मोठ्याने नाही.